दादरचे टॅक्सवाले काका: चार स्टार, एक कापला तो ताटकळत ठेवल्याबद्दल

ऑफिस स्टेशनच्या वेस्टला, जुन्या बिल्डिंगमध्ये दुसरा मजला, लाकडी जिना. नाव टाकत नाही, आधीच तिथे बसायला जागा नसते.

मी नोकरी सांभाळून ऑनलाइन ड्रेस मटेरियल विकते, माल हिंदमाता नाहीतर मंगलदास मार्केटमधून. गेल्या वर्षी ४ लाख १० हजारांचा माल घेतला आणि विक्री झाली ३ लाख ८५ हजार, म्हणजे सरळ २५ हजार तोटा, तो इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये पगारातून वजा करायचा असं मी मनाशी पक्कं करूनच गेले होते. काकांनी कागद बघितलेच नाहीत. "ताई, ३१ मार्चला घरात माल किती होता?" म्हटलं असेल थोडा. "थोडा नाही, मोजून आणा."

झालं, रविवार गेला. पलंगाखाली, माळ्यावर, सासूबाईंच्या कपाटात, शिवाय ज्या ऑनलाइन कंपनीवरून विकते तिच्या भिवंडीच्या गोदामात पडलेले २२ (विकले जाईपर्यंत तेही आपलेच). मार्चनंतर विकलेले बिलं बघून परत मोजणीत धरले. एकूण १३७ सेट निघाले, खरेदी सरासरी ६००. त्यातले १९ पावसात ओल लागून डाग पडलेले, ते कोणी १५० ला घेतलं तरी नशीब.

मग काकांनी पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलं. न विकलेला माल त्या वर्षीचा खर्च नाही, तो शिल्लक साठा, पुढच्या वर्षी सुरुवातीचा साठा म्हणून येतो आणि विकला की तेव्हा खर्चात पडतो. किंमत लावायची ती खरेदीची किंवा आता जे मिळतील ते, दोन्हीत जी कमी ती. म्हणजे डागवाले १५० ने, बाकीचे ६०० ने, एकूण ७३,६५०. माझा तोटा तिथेच उडाला, उलट कुरियर-पॅकिंग वजा करायच्या आधी ५० हजारांच्या आसपास नफा! आणि धंद्यातला तोटा खरंच असता तरी पगारातून वजा होत नाही म्हणे. हिशेब न मांडता विक्रीच्या ६ टक्के नफा दाखवायचा सोपा रस्ता पण त्यांनी सांगितला, पण त्यात खराब मालाची वेगळी सूट नाही आणि शिल्लक साठ्याचा आकडा त्या फॉर्ममध्येही भरावा लागतोच, म्हणून आम्ही पूर्ण हिशेबच केला.

आता माझी फजिती. भाऊबीजेला भाच्यांना चार सेट दिले होते, ते मी कौतुकाने सांगितलं. काका चष्म्यावरून बघत म्हणाले, ते खरेदीतून काढा, आणि त्यावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट (खरेदीत भरलेला जीएसटी आपण वळता करून घेतो तो) परत करा. फुकट दिलेला, हरवलेला, फेकून दिलेला माल, सगळ्याला क्रेडिट परत करायचा हाच नियम. पण पडेल भावात विकला तर क्रेडिट शाबूत, म्हणून डागवाले फेकले नाहीत, सेलला लावले.

फी ४,५०० घेतली, मला जास्त वाटली. फोन उचलत नाहीत, आणि अपॉइंटमेंट असूनही दीड तास बसवलं तेव्हा खरं तर उठून जाणार होते. असिस्टंटने माझा पॅन नंबर चुकीचा टाइप केला होता, मी बघितलं म्हणून बरं, तेव्हा सबमिट करायच्या आधी स्क्रीन स्वतः वाचा. शनिवारी जाऊ नका, मंगळवारी सकाळी गर्दी कमी असते, आणि जाताना साठ्याची यादी घेऊनच जा नाहीतर जिन्यावरूनच परत पाठवतील.