गियरबॉक्स न उघडताच घेतले ३४,५०० रुपये

बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, चंदगडच्या हद्दीला लागून आमचं शिवार आहे. लाल माती, पाऊस भरपूर, आणि जून संपता संपता सगळ्यांची एकच घाई असते, रताळ्याचे वेल लावायची. वडिलांनी जुन्यात घेतलेला अठरा एचपीचा छोटा ट्रॅक्टर अजून आमच्या घरी आहे. अरुंद पट्ट्यांत मोठा ट्रॅक्टर वळत नाही, त्यामुळे वरंबे ओढायला आमची सगळी भिस्त याच्यावरच.

यंदा ऐन वेळी गियर पडेना. क्लच पूर्ण दाबला तरी दांडा ढकलला की खर्रर आवाज यायचा. पहिला गियर कसाबसा पडायचा, रिव्हर्स तर नाहीच. माझा मुलगा म्हणाला, "बाबा, आत काहीतरी तुटलंय." मलाही तेच वाटलं. आणि तेच मी मेकॅनिकसमोर बोलून गेलो. आता वाटतं, मी तोंड उघडलं तिथंच माझे पैसे गेले.

तो आला, दोनदा गियर टाकून बघितला आणि म्हणाला, "अण्णा, दात गेलेत गियरचे. बेअरिंगपण गेलंय. बॉक्स खोलावा लागतोय. आता असाच चालवलासा तर हाऊसिंग फुटतंय बघा." ट्रॅक्टर त्याच्याकडे नेऊन सोडला. चौथ्या दिवशी फोन आला, काम झालं म्हणून. एकूण ३४,५०० रुपये. त्यातले १५,००० मी फोनवरून पाठवले, बाकीचे रोख दिले. ती रोख बायकोनं भिशीतून उचलून आणली होती. बिल मागितलं तर एका वहीच्या पानावर फक्त रक्कम लिहून दिली, ना सही ना शिक्का. जुने पार्ट मागितले तेव्हा मात्र त्यानं खुशीनं एक पिशवी हातात ठेवली. आत दोन गियर आणि एक बेअरिंग. दात खरोखरच झिजलेले होते. माझी खात्री पटली.

ट्रॅक्टर छान चालला. बाराव्या दिवशी पुन्हा खर्रर.

मावशीचे यजमान उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेत. मी त्यांना बोलावलं. काकांनी आल्या आल्या इंजिन बंद करायला लावलं आणि एकेक गियर टाकून पाहिला. सगळे हलक्या हातानं पडले. एकदा दाताला दात लागून अडला, तेव्हा ट्रॅक्टर थोडा ढकलला आणि तोही पडला. मग इंजिन सुरू करून, क्लच दाबून तेच केलं. लगेच खर्रर. नंतर पीटीओचा, म्हणजे मागचं अवजार फिरवणाऱ्या शाफ्टचा दांडा टाकून पाहिला, तिथंही तोच आवाज. काका म्हणाले, "तुझ्या गाडीला क्लच एकच. गियरलाही आवाज, पीटीओलाही आवाज. दोन्हीकडचे दात एकाच दिवशी कसे जातील? तुझा क्लच सुटतच नाही पूर्ण. इंजिन आतला शाफ्ट फिरवतच राहतंय, आणि फिरत्या शाफ्टवर तू गियर टाकतोयस."

पेडल हातानं दाबून बघितलं. निम्मं खाली जाईपर्यंत काही जोरच लागत नव्हता. हा मोकळा खेळ साधारण दोन-तीन सेंटिमीटर असावा, नेमकं माप ट्रॅक्टरच्या पुस्तकात असतं. जास्त असला तर क्लच सुटत नाही, अजिबात नसला तर प्लेट घसरते आणि क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग जळतं. हा खेळ क्लचच्या रॉडवर कमी-जास्त करतात. काकांनी खाली वाकून त्या रॉडवर बॅटरी मारली. रॉड जागी घट्ट धरणारा चेकनट बोटानं फिरत होता. त्याच्या शेजारचे चार-पाच आटे नव्या नाण्यासारखे चमकत होते, बाकी रॉडवर जुनं ग्रीस आणि माती.

"हे कुणीतरी आत्ताच फिरवलंय," काका म्हणाले, "पण चेकनट आवळलेला नाही. हादऱ्यानं परत सुटला." म्हणजे त्या माणसाला खरा दोष पहिल्याच दिवशी कळला होता. त्यानं रॉड फिरवला, गाडी चालू केली, आणि पैसे गियरबॉक्सचे घेतले.

माझा विश्वास बसेना. मी पिशवी आणून ओतली. काकांनी गियर हातात घेतला आणि दातांच्या मुळाशी नख फिरवलं. नखावर तांबडा गंज आला. "पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत तेलात फिरणाऱ्या गियरला इथं गंज येतो होय रे? हा भंगारातला आहे. आणि आकार बघ, मोठ्या ट्रॅक्टरचा आहे. तुझ्या हाऊसिंगात आडवा घातला तरी जायचा नाही."

गियरपर्यंत पोचायला आमचा ट्रॅक्टर मधून सोडवून दोन भाग करावा लागतो. त्या जोडाच्या डाव्या अंगाला, खालच्या बोल्टाजवळ, कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं होतं. निम्मं एका हाऊसिंगवर, निम्मं दुसऱ्यावर. वाळून टणक झालेलं आणि कुठंही चीर नाही. जोड उघडला असता तर ते घर पहिल्या फटक्यात फुटलं असतं. मी त्याच्यासमोर बराच वेळ बसून राहिलो. वडील असते तर त्यांनी एवढं आधी पाहिलं असतं.

काकांनी दोन पाने घेऊन रॉड बसवला, खेळ मोजला, चेकनट आवळला. पंधरा-वीस मिनिटांचं काम. एवढ्यावर गियर नीट पडले नसते तर क्लच प्लेट गंजून चिकटली आहे का हे बघावं लागलं असतं, असं ते म्हणाले.

म्हणून कळकळीनं सांगतो, आपल्या भागात असे जुने छोटे ट्रॅक्टर खूप आहेत आणि पावसाळ्याच्या तोंडावर आपली घाई मेकॅनिकला दिसत असते. इंजिन बंद असताना गियर नीट पडतात की नाही, हे आधी स्वतः बघा. बंद इंजिनवरही दांडा अडत असेल तर दोष दांड्याच्या जोडणीत किंवा गियर सरकवणाऱ्या आतल्या फोर्कमध्ये असू शकतो. गियर पडतो पण ओढताना आपोआप सुटतो, हा वेगळाच आजार, त्यात गियर जागी धरणारी स्प्रिंग, गोळी किंवा झिजलेले दात येतात. तेल थोडं काढून बघा. दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, लोखंडाचे तुकडे निघाले तर खरंच आत काही तुटलंय. बॉक्स खोलायचाच असेल तर खोलताना तिथं हजर राहा, दोन्ही भाग वेगळे केलेले असतानाच फोटो काढा, आणि जुना पार्ट आपल्याच गाडीतून निघताना डोळ्यांनी बघा. पक्कं बिल हातात आल्याशिवाय रोख देऊ नका.

मी परत गेलो तेव्हा तो मेकॅनिक म्हणाला, "बिल दाखवा की." मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, म्हणून तिथल्या अर्जाचीही तयारी चालू आहे. माझ्याकडे १५,००० रुपये पाठवल्याची नोंद आहे, ते गंजके गियर आहेत आणि कुंभारमाशीच्या घराचे सहा फोटो आहेत. ते घर अजून तसंच आहे. ट्रॅक्टर धुताना मुलगा त्या बाजूला पाणी मारत नाही.