‘रिव्ह्यू वाढवून देतो’ म्हणणाऱ्याने आमचं प्रोफाइलच ताब्यात घेतलं

छोटा व्यवसाय चालवणाऱ्याला कधी ना कधी हा फोन येतोच. समोरचा आधी तुमच्या कामाची तारीफ करतो आणि मग हळूच विषयावर येतो, “पण ऑनलाइन तुमचे रिव्ह्यू किती कमी आहेत, बघितलंत का?” आम्हालाही तो आला. पुढे जे घडलं ते निस्तरता निस्तरता आमच्या खऱ्या ग्राहकांनी आपणहून लिहिलेले कितीतरी शब्द आमच्या हातून गेले. तुमच्यावर ही पाळी येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी आणि माझा भाऊ घरगुती उपकरणं दुरुस्त करून देतो. तो मशीन उघडतो. फोन, वेळा आणि बिलं मी सांभाळते. चांगलं काम करूनही लोक रिव्ह्यू लिहीत नाहीत, हा या धंद्यातल्या सगळ्यांचाच अनुभव आहे. मशीन सुरू झालं की माणूस आपल्या कामाला लागतो. बिनसलं, की मात्र रागाच्या भरात लगेच लिहितो. त्यामुळे तो फोन करणारा एजंट जेव्हा म्हणाला, “आम्ही खोटे रिव्ह्यू टाकत नाही मॅडम, तुमच्याच ग्राहकांना तुमच्या वतीने फक्त आठवण करून देतो,” तेव्हा ते रास्त वाटलं. हे सगळं नियमात बसतं का, असं मी स्पष्ट विचारलं होतं. “शंभर टक्के नियमात,” असं त्याने व्हॉट्सॲपवर लिहूनही दिलं.

त्याने आगाऊ फी घेतली, ग्राहकांची नावं आणि नंबर घेतले आणि आमच्या गूगल बिझनेस प्रोफाइलवर, म्हणजे गूगलवर व्यवसायाची माहिती आणि रिव्ह्यू दिसतात त्या पानावर, स्वतःला मॅनेजर म्हणून जोडून घेतलं. इथून पुढचं जरा नीट वाचा, कारण खरी मेख इथेच आहे. मॅनेजर प्रोफाइलमधली माहिती बदलू शकतो, रिव्ह्यूंना उत्तरं देऊ शकतो, पण दुसऱ्या कुणाला काढू शकत नाही. तो अधिकार ओनरचा, म्हणजे मालकाचा. आणि नव्याने जोडलेल्या माणसाकडे पहिले सात दिवस मुख्य मालकी देताच येत नाही, अशी गूगलची सोय आहे. म्हणून आठवडाभर त्याने आम्हाला फक्त गोड गोड रिपोर्ट पाठवले. आठवडा उलटल्यावर फोन आला, “व्हेरिफिकेशनची शेवटची पायरी राहिली आहे, स्क्रीन शेअर करा, मी सांगतो ते बटण दाबा.” मी दाबलेलं ते बटण मुख्य मालकी त्याच्या खात्याकडे सोपवण्याचं होतं. तो इतक्या घाईने आणि इतक्या खात्रीने बोलत होता, की समोरच्याला स्क्रीनवरचं वाचायला उसंतच मिळू नये. ही त्यांची ठरलेली पद्धत आहे.

त्या सुमारास आमच्या एका जुन्या ग्राहक काकूंचा फोन आला. “अगं, तुमच्या नावाने मेसेज आलाय. पाच स्टार दिले तर पुढच्या दुरुस्तीत सूट, असं लिहिलंय. तुम्ही कधीपासून असं करायला लागलात?” त्यांच्या आवाजातली नाराजी मला अजून टोचते. मी त्यांच्याकडून तो मेसेज मागवून घेतला आणि त्यातली लिंक उघडली. आमचं नाव, आमचा लोगो आणि खाली पाच चांदण्या. पाचवर बोट ठेवलं की थेट गूगलचं रिव्ह्यूचं पान उघडायचं. मग मी मागे येऊन तीनवर बोट ठेवलं. त्याबरोबर एक फॉर्म आला, “आपली तक्रार आम्हाला कळवा.” तो भरला की आभार मानून पान बंद! म्हणजे खूश असलेला ग्राहक गूगलवर आणि नाराज ग्राहक परस्पर गायब. त्या फॉर्ममधल्या तक्रारी आमच्यापर्यंत कधी पोहोचल्याच नाहीत. ज्यांचं काम आम्ही पुन्हा जाऊन नीट करून दिलं असतं, त्या माणसांना वाटत राहिलं की आम्ही कळूनही दुर्लक्ष केलं. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे.

नाराज ग्राहकाला असं बाजूला काढणं गूगलच्या नियमांत बसत नाही; २०१८ पासून ते नियमात स्पष्ट लिहिलेलं आहे. रिव्ह्यूच्या बदल्यात पैसे, सूट किंवा फुकट वस्तू देणंही बसत नाही. एजंट ‘शंभर टक्के नियमात’ म्हणत होता ते हेच.

मग खोट्या रिव्ह्यूंची रांग लागली. “अप्रतिम सेवा, स्टाफ खूप नम्र, वातावरण छान.” आम्ही लोकांच्या घरी जाऊन काम करतो, आमच्याकडे कसलं आलंय वातावरण! तेच वाक्य, तीच चूक, नाव मात्र वेगळं. त्यातल्या एका खात्यावर टिचकी मारली, तर त्याच माणसाने एकाच दिवशी एका देशातल्या दंतवैद्याला, दुसऱ्या देशातल्या हॉटेलला आणि आम्हाला पाच-पाच चांदण्या दिलेल्या. हे ताबडतोब थांबवा, असं मी एजंटला कळवलं. त्यानंतर प्रोफाइल उघडायला गेले तर माझं खातं त्यातून काढून टाकलेलं होतं. लगोलग त्याचा निरोप आला: दर महिन्याची फी सुरू ठेवा, नाहीतर एका चांदणीचे रिव्ह्यूही आमच्याकडे भरपूर आहेत. आम्ही पैसे दिले नाहीत आणि त्याने खरोखरच ते टाकले.

एवढ्यात गूगलच्या यंत्रणेने हे सगळं पकडलं. अशा वेळी गूगल काही काळ नवे रिव्ह्यू घेणं बंद करतं, जुने दिसेनासे करतं आणि ‘या व्यवसायाचे खोटे रिव्ह्यू काढून टाकले आहेत’ अशी सूचनाही प्रोफाइलवर लावू शकतं. आमचे नवे रिव्ह्यू बंद झाले. खोट्यांबरोबर काही खरेही गेले. भावाने भर पावसात जाऊन मशीन सुरू करून दिलं म्हणून एका आजोबांनी नातवाकडून लिहून घेतलेले चार शब्दही त्यात होते. ते परत आले नाहीत.

मालकी परत मिळवण्याचा रस्ता आहे, तो माहीत असू द्या. गूगलवर आपला व्यवसाय शोधून तिथूनच मालकीची मागणी करता येते. सध्याच्या मालकाला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात. त्याने उत्तर दिलं नाही, तर पुढे स्वतः व्हेरिफिकेशन करून ताबा घेण्याचा पर्याय मिळू शकतो. त्याने नकार दिला, तर अपील करता येतं. आमच्या माणसाने नकार दिला. आम्ही नोंदणीची कागदपत्रं, नावाच्या पाटीचे फोटो, बिलं असं सगळं जोडून अपील केलं आणि प्रोफाइल परत मिळालं. एका चांदणीच्या खोट्या रिव्ह्यूंची एकेक करून तक्रार केली. त्यातले काही निघाले, काही अजून तसेच आहेत. त्यांच्याखाली आम्ही शांतपणे लिहिलं आहे, “या नावाने आमच्याकडे कामाची नोंद नाही. काम झालं असेल तर बिल क्रमांक कळवा.” सायबर पोलिसांकडेही तक्रार दिली. एजंटने लिहून दिलेला तो व्हॉट्सॲप मेसेज तिथे कामी आला. असे मेसेज आणि स्क्रीनशॉट चुकूनही डिलीट करू नका.

एक गोष्ट पक्की समजून घ्या. हे प्रोफाइल फुकट असतं, त्यासाठी गूगल पैसे मागत नाही. व्हेरिफिकेशनचा कोड फोनवर कुणी मागितला, तर तो माणूस गूगलचा नव्हे. बाहेरच्या कुणाला काम द्यायचंच असेल तर मॅनेजरच्या पुढे नेऊ नका आणि मुख्य मालकी घरातल्याच माणसाच्या खात्यावर ठेवा. ग्राहकांच्या फोन नंबरांची यादी तर कुणालाच देऊ नका.

कायदाही आता याकडे डोळेझाक करत नाही. अमेरिकेत खोट्या रिव्ह्यूंची खरेदी-विक्री करण्यावर बंदी घालणारा नियम ऑक्टोबर २०२४ मध्ये लागू झाला. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक २०२२ मध्येच आणलं आहे. विकत आणलेले रिव्ह्यू पकडले गेले, की जाब व्यवसायाच्या मालकालाच द्यावा लागतो. एजंट तोवर नंबर बदलून पुढच्याला फोन लावत असतो.

रिव्ह्यू मागण्यात गैर काहीच नाही. प्रोफाइलमध्येच त्याची लिंक आणि क्यूआर कोड मिळतो, त्यासाठी मध्ये कुणी लागत नाही. आता आम्ही तो कोड बिलावर छापतो. काम झाल्यावर भाऊ प्रत्येक घरी एवढंच म्हणतो, “जसं वाटलं तसं लिहा, कमी-जास्त असेल तर तेही लिहा.” ज्याचं काम मनासारखं झालं नाही, त्यालाही हेच सांगतो. रिव्ह्यू हळूहळू येतात, सगळे पाच चांदण्यांचे नसतात. पण फ्रीजचा कुठला भाग बदलला आणि यायला किती उशीर झाला, हे त्यांत लिहिलेलं असतं, आणि नवा ग्राहक फोनवर नेमकं तेच वाचून विचारतो.

ग्राहकांची यादी मात्र त्या माणसाकडेच राहिली. ती परत घेता येत नाही. यादीतल्या प्रत्येकाला आम्ही फोन करून झाला प्रकार सांगितला. तरी अधूनमधून कुणाला ना कुणाला सूट किंवा बक्षिसाचा मेसेज जातोच. आमच्याकडून काम करून घेतलेल्या कुणाला असा मेसेज आला, तर लिंक उघडू नका. तो नंबर ब्लॉक करा आणि बिलावरच्या नंबरवर मला कळवा.