एसडब्ल्यूआर १.० दाखवणारा ऑटो ट्यूनर आणि आत लपवलेला अॅटेन्युएटर

बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर भागातल्या ज्या हॅम मंडळींचा (हौशी रेडिओवाल्यांचा) सेकंडहँड किंवा ‘हातानं असेंबल केलेला’ ऑटोमॅटिक अँटेना ट्यूनर (रेडिओला अँटेना जुळवून देणारा डबा) घ्यायचा विचार आहे, त्यांनी पैसे पाठवण्याआधी हे वाचावं. या फसवणुकीत रिकामा डबा येत नाही. डबा येतो, चालू होतो, रिले कटकट वाजतात, डिस्प्लेवर एसडब्ल्यूआरचा (अँटेना किती जुळली याचं माप, १.० म्हणजे पूर्ण जुळलेली) १.०२ असा सुरेख आकडाही उमटतो. म्हणूनच फसलेल्या माणसाला आपण फसलोय हे महिनोन् महिने कळत नाही.

निपाणीकडच्या एका परवानाधारक हॅमनं घेतलेला असा डबा आम्ही उघडून तपासला. जाहिरात मोबाइलवरच्या ग्रुपात आली होती: १०० वॅट, १.८ ते ५४ मेगाहर्ट्झ, कुठलीही वायर लावा, एसडब्ल्यूआर १.०. सोबत घाई करायला लावणारं एक वाक्य होतं की एमएफजे ही ट्यूनर बनवणारी अमेरिकन कंपनी बंद पडली, आता असा माल मिळणार नाही. एमएफजेनं मे २०२४ मध्ये स्वतःच्या कारखान्यातलं उत्पादन थांबवलं ही गोष्ट खरी आहे, पण या डब्याचा त्या कंपनीशी काडीचाही संबंध नव्हता. खऱ्या बातमीच्या आडोशानं खोटा माल खपवला गेला. व्हिडिओत रेडिओ ७.१ मेगाहर्ट्झवर, ट्यूनरचा डिस्प्ले अगदी जवळून, आणि खिडकीतून बाहेर जाणारी केबल एवढंच दिसत होतं. अठरा हजार रुपये यूपीआयनं गेले.

आतला बोर्ड ओळखीचा होता. एन७डीडीसी या कॉलसाइनच्या डेव्हिड फेनित्स्की यांनी खुलं केलेलं एटीयू-१०० हे डिझाइन आज जगभर वापरात आहे. सात कॉइल, सात कपॅसिटर, ते आत-बाहेर करणारे रिले आणि पीआयसी १६एफ१९३८ हा मायक्रोकंट्रोलर, असा त्याचा संसार. डिझाइन चांगलं आहे, नीट भाग घालून बनवलेला बोर्ड वर्षानुवर्षं चालतो. दोष डिझाइनमध्ये नाही. लबाडी बोर्ड आणि मागच्या अँटेना सॉकेटच्या मधल्या बोटभर जागेत होती. तिथे डब्याच्या अॅल्युमिनियमला दोन स्क्रूंनी आवळलेला, पांढऱ्या सिरॅमिकचा एक चपटा तुकडा होता आणि त्यावर काळा सिलिकॉन थापला होता. सिलिकॉन खरवडल्यावर खाली ६ डेसिबलचा अॅटेन्युएटर निघाला, म्हणजे शक्ती मुद्दाम खाणारा तुकडा; त्याला पॅडही म्हणतात.

हा तुकडा काय करतो ते नीट समजून घ्या, कारण सगळी फसवणूक त्यावरच उभी आहे. ट्यूनरमधून निघालेली शक्ती जाताना ६ डेसिबल कमी होते, म्हणजे चौथा हिस्सा उरते. अँटेनाकडून परतलेली शक्ती येताना पुन्हा ६ डेसिबल कमी होते. मागे अँटेना असो, तुटकी वायर असो की काहीच नसो, बोर्डाला दिसणारा एसडब्ल्यूआर १.६७ च्या वर जाऊच शकत नाही. तेवढं १.० वर आणायला कुठल्याही ट्यूनरला काही कष्ट पडत नाहीत. तुम्ही ५० वॅट सोडले तर ३७ वॅटहून जास्त त्या सिरॅमिकमध्ये तापून जातात. अँटेना खरोखर जुळलेली असेल तर तिला बारा वॅट मिळतात. अँटेनाचा स्वतःचा एसडब्ल्यूआर १० असेल तर चारच्या आसपास.

मग पहिल्याच दिवशी कळत कसं नाही? रेडिओवर सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरवर एक एस-युनिट म्हणजे ६ डेसिबल. अँटेना बरी असेल तर समोरच्याचा रिपोर्ट ५-९ ऐवजी ५-८ येतो, आणि चाळीस मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झ) लहरींचं प्रोपगेशन रोजच एवढं खालीवर होत असतं. रिसीव्ह करतानाही तेच ६ डेसिबल कमी होतात. वडगाव-शहापुरात यंत्रमागांच्या मोटारींचा आणि एलईडी दिव्यांचा कचरा बँडवर सतत असतो, तो एका एस-युनिटनं खाली गेला की घेणाऱ्याला वाटतं, ट्यूनरनं आवाज साफ केला. विकणाराही फोनवर तेच सांगतो, ‘बघा की, किती शांत झालाय बँड.’ नुकसानालाच गुण म्हणून विकायची ही युक्ती आम्हाला सगळ्यात जास्त चीड आणणारी वाटते. नव्यानं परवाना काढलेल्या पोराला यात आपलीच अँटेना वाईट, आपलीच जागा वाईट असं वाटत राहतं आणि तो रेडिओ बाजूला ठेवून देतो.

डबा न उघडता ही लबाडी पकडता येते. साधा मल्टिमीटर घ्या. ट्यूनरचा वीजपुरवठा बंद, रेडिओची केबल काढलेली, अँटेनाही काढलेली. ओहमच्या रेंजवर अँटेना सॉकेटची मधली पिन आणि बाहेरची बॉडी यांच्यामध्ये मोजा. धड ट्यूनरमध्ये एक तर जवळजवळ शून्य येतं किंवा मीटर ओएल (सर्किट उघडं) दाखवतो. एटीयू-१०० जातीच्या बोर्डात इनपुटला असलेल्या कपलरचं (शक्ती मोजणाऱ्या भागाचं) वेटोळं लाइन आणि ग्राउंडमध्ये असतं, म्हणून तिथे शून्य येणं बरोबरच आहे. काही ट्यूनरमध्ये स्थिर विद्युत उतरवायला रेझिस्टर असतो, पण तो हजारो ओहमचा. मधलाच, ३० किंवा ८३ ओहमसारखा आकडा आला की समजा आत पॅड आहे. ६ डेसिबलच्या पाय (π) आकाराच्या पॅडमध्ये दोन्ही बाजूंना १५० आणि मध्ये ३७ ओहम असतात. पुढचा बोर्ड डीसीला शॉर्ट असेल तर ३० येतात, ओपन असेल तर ८३. निपाणीच्या डब्यानं ३० दाखवले होते.

दुसरी खात्री शक्ती मोजून करा. ट्यूनर बायपासमध्ये (जुळवणी न करता सिग्नल सरळ जाऊ देणाऱ्या स्थितीत) ठेवा, त्याच्या पुढे वॉटमीटर आणि अँटेनाऐवजी ५० ओहमचा डमी लोड लावा, रेडिओतून १० वॅट कॅरियर (सलग साधा सिग्नल) सोडा. डमी लोडवर नऊच्या पुढे यायला पाहिजे. या डब्यातून अडीचसुद्धा आले नाहीत.

बायपासमध्ये डमी लोडवर १.० दिसणं म्हणजे ट्यूनर चांगला असल्याचा पुरावा नव्हे. ५० ओहमचा लोड असेल तर साध्या वायरच्या तुकड्यानंही १.० येतो. खिडकीबाहेर गेलेल्या केबलच्या टोकाला अँटेना आहे की डमी लोड, हे व्हिडिओत दिसत नाही. लांब, हलकी केबलही तेच काम करते. ३० मीटर आरजी-५८ मध्ये १४ मेगाहर्ट्झवर साधारण १.६ डेसिबल जातात. पलीकडे एसडब्ल्यूआर १० असला तरी रेडिओच्या टोकाला तो ३.६ च दिसतो, आणि ट्यूनरनं तो १.० केला तरी एकूण जवळपास पावणेपाच डेसिबल केबलमध्येच राहतात. ट्यूनर रेडिओच्या टेबलावर असेल तर केबलमधला एसडब्ल्यूआर तो बदलत नाही, फक्त रेडिओला ५० ओहम दाखवतो. हे ठाऊक नसलेल्या गिऱ्हाइकावरच या मंडळींची दुकानं चालतात.

खरी परीक्षा चुकीच्या लोडवर होते. १०० ओहम २ वॅटचे सहा कार्बन फिल्म रेझिस्टर समांतर जोडा. १६.७ ओहम होतात, एसडब्ल्यूआर बरोबर ३. दुसऱ्या लोडसाठी १ किलोओहम २ वॅटचे सहा समांतर जोडा. १६७ ओहम, एसडब्ल्यूआर ३.३. रेझिस्टरचे पाय शक्य तितके आखूड कापा. वायरवाउंड रेझिस्टर घालू नका, ते स्वतःच कॉइल असतात. बेळगावात कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्स दुकानात हे किरकोळ पैशांत मिळतात. रेडिओ आणि ट्यूनरच्या मध्ये स्वतःचा एसडब्ल्यूआर मीटर लावा, ५ वॅट कॅरियर द्या, ३.५, ७, १४ आणि २८ मेगाहर्ट्झवर दोन्ही लोड ट्यून करून बघा. दोन्हीकडे १.५ च्या आत यायला पाहिजे, आणि ते तुमच्या मीटरवर. ट्यूनरचा डिस्प्ले काय म्हणतो याला व्यवहारात किंमत देऊ नका. मग लोड काढून सॉकेट मोकळं ठेवा आणि ५ वॅटवर दोन-तीन सेकंदच पुन्हा ट्यून करा. धड ट्यूनर धडपडून थांबतो, जुळलं नाही असं दाखवतो. मोकळ्या सॉकेटवर जो बिनधास्त १.१ दाखवेल तो ट्यूनर घरात घेऊ नका.

पॅडमुळे आणखी एक गोष्ट झाकली जाते, ती म्हणजे आतले हलके भाग. १०० वॅटला १००० ओहमच्या लोडवर साडेचारशे व्होल्टच्या आसपास पीक व्होल्टेज येतं, ५ ओहमवर साडेचार अँपिअर करंट. म्हणून कपॅसिटर किमान ५०० व्होल्टचे, शक्यतो १ किलोव्होल्टचे एनपीओ किंवा सिल्व्हर मायका लागतात. या बोर्डावर ५० व्होल्टचे सिरॅमिक होते. पॅड काढून टाकला असता तर पहिल्याच जोराच्या ट्रान्समिशनला ते तडकले असते. कॉइलचे कोअर लाल होते, पण एका ठिकाणी नखानं रंग निघाला आणि खाली पिवळा-पांढरा दिसला. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधले २६ नंबरचे कोअर होते ते. खऱ्या लाल टी१०६-२ कोअरवर १८ वेढ्यांत ४.४ मायक्रोहेन्री येतात. २६ नंबरच्या त्याच मापाच्या कोअरवर तेवढ्याच वेढ्यांत सुमारे २९ येतात आणि एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) तो कोअर भाजून निघतो. एलसी मीटर असेल तर सगळ्यात मोठी कॉइल एकदा मोजाच.

जाहिरातीतला ‘१.८ मेगाहर्ट्झपासून कुठलीही वायर’ हा दावा कागद-पेन्सिलीनंही खोटा ठरतो. एटीयू-१०० च्या सातही कॉइल मिळून ८.४ मायक्रोहेन्री होतात. १.८ मेगाहर्ट्झवर त्याची रिअॅक्टन्स (कॉइलचा एसीला होणारा अडथळा) ९५ ओहम, म्हणजे शुद्ध रेझिस्टन्स असला तरी २३० ओहमच्या वर जुळवता येत नाही. २० मीटर वायर त्या बँडवर काहीशे ओहम कपॅसिटिव्ह असते. ती या बोर्डानं जुळणारच नाही, मग बोर्ड कितीही अस्सल असो.

प्रामाणिक विकणाऱ्यावर उगाच आळ येऊ नये म्हणून हेही सांगायला हवं. वायर नेमकी २० मीटरच्या आसपास असेल आणि टोकाकडून फीड केली असेल तर ती चाळीस मीटरला अर्धी वेव्ह होते. टोकाला हजारो ओहम येतात आणि चांगला ट्यूनरही हार मानतो. १२.५ किंवा १७.७ मीटर वायर, ९:१ अनअन (इम्पिडन्स उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) आणि धड काउंटरपॉइज (जमिनीच्या बाजूची वायर) लावून मग ट्यूनरची पारख करा. खानापूर-जांबोटीच्या पावसात टोकाचा इन्सुलेटर भिजला की सकाळचं ट्यूनिंग संध्याकाळी चालत नाही, तोही ट्यूनरचा दोष नाही. आयकॉमचं एएच-४ आयकॉमच्याच रेडिओच्या कंट्रोल केबलवर चालतं. दुसऱ्या कंपनीच्या रेडिओला सरळ जोडून ते बंद आहे म्हणणं चूक. आणि पूर्ण १०० वॅट चालू असताना ट्यून दाबून कुणी रिलेचे कॉन्टॅक्ट जाळले, तर त्याला विकणारा जबाबदार नाही. ट्यूनिंग ५ ते १० वॅटवर, सीडब्ल्यू (मोर्स) किंवा एएमच्या कॅरियरवर, फ्रिक्वेन्सी मोकळी आहे ना हे ऐकूनच करायचं.

आता पैशांचं. निपाणीच्या व्यवहारात तक्रार केल्यावर विकणाऱ्याचं उत्तर होतं, ‘तुम्ही कर्नाटकात, मी महाराष्ट्रात, कुठलं पोलीस ठाणं घेणार?’ सीमाभागातला माणूस दोन राज्यांत हेलपाटे घालून आधीच दमलेला असतो, म्हणून ही धमकी इथे चटकन लागू पडते. तिला भिऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्या हद्दीत घडला हे न बघता कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते. फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेतलं ३१८. ऑनलाइन पैसे गेल्याचं लक्षात येताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितक्या लवकर तितकं बरं. विकणारा हा धंदाच करत असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, त्याच्या गावी जावं लागत नाही. ठाण्यात जबाब कानडीत लिहिला गेला तर सही करण्याआधी तो वाचून, समजावून घ्या. ‘अॅटेन्युएटर’, ‘१० वॅट आत, अडीच बाहेर’ हे शब्द आणि आकडे त्यात तसेच आलेत का ते बघा, कारण ‘मशीन चालत नाही’ एवढंच लिहिलं तर विकणारा ते चालू करून दाखवतो आणि मोकळा होतो.

पॅड सापडला की तो उपटून काढण्याचा मोह होतो. काढू नका. आधी सिलिकॉनसकट फोटो, मग मल्टिमीटरचा आकडा सॉकेटसह एकाच चौकटीत, मग १० वॅट आत आणि बाहेर किती याचा एकसलग व्हिडिओ. मूळ जाहिरात, बोलणं आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपून ठेवा, ग्रुपमधून जाहिरात पुसली जायच्या आत. डबा परत मागितला तर पैसे खात्यात आल्याशिवाय पाठवू नका, आणि पाठवाल तेव्हा पॅड जागेवर ठेवूनच पाठवा.