नाताळच्या रोस्टसाठी घेतलेली साडेअकराशेची सुई

गेल्या नाताळला माझ्या रोस्टला दिराने 'जळाऊ लाकूड' असं नाव ठेवलं. तीन किलोची पोर्कची मांडी, दोन दिवस बाटली मसाला (आमचा बाटलीत भरून ठेवायचा घरगुती मसाला), लसूण आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेली, आणि सुरी फिरवली तर भुसा. पाहुणे गुमान ग्रेव्ही ओतून घेत होते. तेव्हाच ठरवलं, पुढच्या वर्षी अंदाजपंचे नाही.

म्हणून हा तारेचा थर्मामीटर घेतला. सुई मांसात, तार ओव्हनच्या दारातून बाहेर, आकडा बाहेरच्या डबीवर. दार उघडायची गरज नाही. पाचपैकी चार तारे देते. एक का कापला ते पुढे सांगते.

आमच्या वसईत नाताळला इंद्याल आणि सरपटेल, ही पोर्कची रश्शाची कालवणं, ठरलेलीच. त्याला थर्मामीटर लागत नाही, मंद आचेवर शिजतं आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. (पोर्तुगीज 1739 मध्ये गेले, त्यांचं विन्हा दालोश, म्हणजे वाइन-लसणात मुरवलेलं मांस, इंद्याल होऊन आमच्या पातेल्यात राहिलं.) रोस्टला रस्साच नसतो, चूक लपवायची कुठे?

आमच्याकडे पोर्क सुकं का होतं, तर भीतीपोटी. सासूबाई विणायची सुई खुपसतात आणि पाणी अगदी स्वच्छ आलं तरी म्हणतात, "आणखी अर्धा तास राहू दे गो." त्यांचंही चुकत नाही, पट्टकृमीच्या गोष्टी ऐकत त्या मोठ्या झाल्या. पण अमेरिकेच्या कृषी खात्याने 2011 मध्ये पोर्कच्या अख्ख्या तुकड्यासाठी आतल्या तापमानाचा आकडा 71 वरून 63 अंशांवर आणला. मग बाहेर काढून तीन मिनिटं तसंच ठेवायचं. खिम्याला मात्र 71च. थर्मामीटरसोबत आलेल्या चिटोऱ्यावर पोर्कपुढे 77 छापलंय. ते वाचून भाजलंत तर माझं गेल्या वर्षीचं लाकूड तयार.

यंदा असं केलं. खाटकाला आठवडाभर आधी सांगून कातडीसकट मांडी घेतली, 2 किलो 700 ग्रॅम. मसाला फक्त मांसाच्या बाजूला. कातडीला नवीन ब्लेडने चिरा पाडल्या, मीठ चोळलं आणि रात्रभर फ्रीजमध्ये उघडीच ठेवली. सकाळी ती कडक पापडासारखी लागत होती. सुई सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता. हाडाला टेकली की आकडा भलताच येतो. ओटीजी, म्हणजे आमचा छोटा विजेचा ओव्हन, 160 वर. सुरुवातीला आकडा भराभर चढला, मग पन्नाशीत येऊन रेंगाळला. मी तेवढ्यात कुलकुल (नाताळचा तळलेला गोड फराळ) वळून घेतले. 58 झाल्यावर 230 वर वीस मिनिटं, कातडी फटाफट फुगली. 66 ला बाहेर काढलं, आणि ओट्यावर नुसतं ठेवलं तरी आकडा 70 वर गेला. हे कुणी आधी सांगितलं असतं तर गेलं वर्ष वाचलं असतं.

आता तक्रारी. पहिला नग बर्फाच्या पाण्यात चार अंश दाखवत होता. (आल्या आल्या हे करून बघाच: बर्फात शून्य, आणि आपण समुद्राकाठचे, तर उकळत्या पाण्यात शंभर.) विक्रेत्याला चार फोन, सहा दिवस, मग दुसरा आला, तो बरोबर निघाला. मागचं चुंबक तापलेल्या ओटीजीवरून घसरतं, डबी ओट्यावर उभी करावी लागते. आणि गजर इतका मुळमुळीत की घरात कॅरल चालू असेल तर विसरा. तार जिथे सुईला जोडलीय तो भाग पाण्यात बुडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

एक मात्र खरं, कुरकुरीत कातडीचं श्रेय याला नाही. ते मिठाचं आणि फ्रीजचं.

दिराने तीनदा घेतलं, नाव काही ठेवलं नाही. सासूबाईंनी पहिला तुकडा उजेडात धरून गुलाबी आहे का ते पाहिलं, मग खाल्ला. दुसऱ्या दिवशी फुग्यांचं (आमच्या तळलेल्या गोल पावांचं) तेल तापत होतं, तेव्हा विचारलं, "ती तुझी सुई तेलात चालते का?" चालते, 250 पर्यंत.