आधी ‘सोनार केल्ला’ की ‘जय बाबा फेलुनाथ’?

मावसबहिणीचा प्रश्न: लेक नऊ वर्षांची, रविवारी फेलूदा या बंगाली गुप्तहेराचा सिनेमा दाखवायचाय, कुठला लावू? दोन्ही सत्यजित राय यांनी स्वतःच्याच किशोर-कादंबऱ्यांवरून केलेले, पहिला १९७४चा, दुसरा १९७९चा.

रहस्य म्हणाल तर ‘सोनार केल्ला’त खलनायक लवकरच कळतात; कादंबरीत तसं नाही. पण पोरांना तेच बरं पडतं. छोटा मुकुल भामट्यांबरोबर निघालाय हे आपल्याला ठाऊक, त्याला नाही! त्यात जैसलमेरचा पिवळाधमक किल्ला, आणि आगगाडी गाठायला उंटावर बसलेले जटायू, म्हणजे फेलूदाचे लेखकमित्र. जटायू झालेल्या संतोष दत्तांचा तो चेहरा बघून आमच्याकडे सगळे लोळले होते.

भीतीच्या बाबतीत ‘फेलुनाथ’ वरचढ. काशीतला खलनायक मगनलाल जटायूंना फळीपुढे उभं करतो आणि थरथरत्या हातांचा म्हातारा सुऱ्या फेकतो. मगनलाल झालेले उत्पल दत्त नुसते मजेत बघत बसतात. शिवाय यात एक खूनही आहे.

सबटायटल्सची कटकट दोन्हीकडे सारखीच, शेजारी बसून वाचून दाखव.

तुझ्या लेकीला ‘सोनार केल्ला’च लाव. थोरला बारा-तेराचा असेल, कोडी सोडवायची हौस असेल, तर त्याला काशी.