मुलीला परदेशी पाठवण्याआधी घेतलेला सल्ला: पाचपैकी तीन तारे

सात रस्त्याच्या बाजूला परदेशी शिक्षणाचा सल्ला देणारं एक ऑफिस आहे. मुलीला घेऊन तिथं चार खेपा घातल्या. नाव लिहीत नाही. सोलापूर केवढंसं, उद्या पार्क चौकात समोरासमोर गाठ पडायची. शिवाय तक्रार आहे तसं कौतुकही आहे. समुपदेशनाचे अडीच हजार भरले, त्यात काय मिळालं तेवढं सांगतो. ज्यांची पोरं शेवटच्या वर्षाला आहेत त्यांच्या कामाला येईल.

मी एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो. अक्कलकोट, तुळजापूर, नंतर पुण्याच्या फेऱ्या. त्यामुळे कुणी 'फुकट आहे' म्हटलं की माझे कान उभे राहतात. गाडी चालतेय म्हणजे डिझेलचे पैसे कुणीतरी भरतंय. कोण भरतंय तेवढं बघायचं.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी पोरांनाच वर पाठवावं. आत एसी जोरात, पाण्याचा गार जार, कागदी ग्लास. आमच्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, म्हणून जाराकडे नजर गेलीच. समोरच्या भिंतीवर भलामोठा तक्ता. वर झेंडे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, जर्मनी, आयर्लंड. खाली नोकरी, आरोग्य, राहणं, सुरक्षितता असे रकाने, आणि प्रत्येक रकान्यात पिवळे तारे चिकटवलेले. कॅनडाला 'राहणं'मध्ये पाचपैकी पाच. त्यातल्या शेवटच्या ताऱ्याचं एक टोक सुटून वर आलं होतं. तक्त्याच्या खालच्या कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरांत साल छापलं होतं, २०२२. मी उठून, चष्मा लावून वाचलं. पोरीनं कोपर मारलं, "अप्पा, बसा की."

समुपदेशन करणाऱ्या मॅडम तरुण, बोलायला गोड. "काका, कॅनडा फॅमिलीसाठी बेस्ट." मी म्हटलं, खोलीला भाडं किती? म्हणाल्या, शेअरिंगमध्ये जमतं, बेसमेंट मिळून जातं. बेसमेंट म्हणजे तळघर हे पोरीनं मला जिन्यात सांगितलं. घर गहाण टाकून लेक शिकायला पाठवायची आणि ती तिथं तळघरात राहणार, त्याला पाच तारे!

रात्री दोघं मोबाईल घेऊन बसलो. कॅनडात परदेशी विद्यार्थी आणि तात्पुरते कामगार भराभर वाढले, घरं त्या वेगानं बांधली गेली नाहीत. पण सगळं खापर पोरांवर फोडू नये. तिथल्या बऱ्याच शहरांत वर्षानुवर्षं मोठमोठ्या भागांत एका प्लॉटवर एकच घर बांधायची परवानगी होती, चाळ किंवा चार मजली इमारत उभी करायचं नावच नको. मग टोरांटो, व्हँकुव्हरला भाडी चढणार नाहीत तर काय. शेवटी २०२४च्या जानेवारीत सरकारनं विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा आणली, आणि खर्चासाठी दाखवायची रक्कम १०,००० डॉलरवरून एकदम २०,६३५ केली. म्हणजे तक्ता छापल्यानंतर अख्खा डेपोच हलला, आणि हे जुन्याच बोर्डावर गाडी लावून बसलेत.

माझी धाकटी बहीण विड्या वळते. तिला कुंभारीला रे नगरमध्ये घर मिळालं. असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरं, कामगारांचे पुढारी आडम मास्तर, त्यांनी त्यापायी किती मोर्चे काढले ते आम्ही गाडीत अडकून पाहिलेत. २०१९च्या जानेवारीत पायाभरणी, २०२४च्या जानेवारीत पहिली १५,००० घरं वाटली. तीनशे चौरस फुटांच्या आसपासचं घर, गावापासून लांब. सोलापूर टोरांटोपेक्षा भारी असं माझं म्हणणं नाही, लोक हसतील. पण ज्या महिन्यात कॅनडा म्हणत होता की आता जागा नाही, त्याच महिन्यात बहिणीच्या गल्लीत किल्ल्या वाटत होते, एवढं खरं.

दुसरी खेप आरोग्यावर गेली. इथं मी हट्टाला पेटलो, कारण गेल्या वर्षी माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. सोनोग्राफीपासून टाके काढेपर्यंत तीन आठवडे. पैसे गेले, उसनवारी झाली, पण तीन आठवडे. मी मॅडमना म्हटलं, हाच हर्निया तिकडं नेऊन बघू.

ब्रिटनला आरोग्यात पाच तारे. १९४८पासून तिथं सरकारी सेवा आहे, दवाखान्यातून निघताना बिल हातात पडत नाही, हे खरं आणि मोठं आहे. पैसा करातून जातो. पण नियम असा की ठरवून करायच्या उपचाराला १८ आठवड्यांच्या आत नंबर लागावा, आणि नुसत्या इंग्लंडात प्रतीक्षायादीवर ७० लाखांच्या वर नोंदी. एका माणसाच्या दोन नोंदी असू शकतात, तेवढी सूट देऊ. तरी माझ्यासारखा हर्निया, जो जीवघेणा नाही, तो महिनोन्महिने पट्टा बांधून बसणार. परदेशी विद्यार्थ्याला व्हिसाबरोबरच वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार आधी भरावा लागतो. म्हणजे तिकीट आधीच फाडलं, गाडी कधी लागेल ते कंट्रोलरला विचारा.

अमेरिकेला चार तारे. तिथं गाडी दारात उभी, पण भाडं उतरताना सांगणार. विमा असला तरी 'डिडक्टिबल' नावाची भानगड असते, ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च आधी आपल्याच खिशातून. २०१०मध्ये विम्याचा मोठा कायदा झाला, तरी अडीच कोटींहून जास्त लोक विम्याबाहेर आहेत. देशाच्या उत्पन्नातले १७ टक्क्यांच्या वर पैसे आरोग्यावर जातात, ब्रिटन-जर्मनीपेक्षा कितीतरी जास्त, आणि सरासरी आयुष्य मात्र त्या दोघांपेक्षा कमी. मॅडम म्हणाल्या, "काका, विद्यार्थ्यांना युनिव्हर्सिटीचा विमा असतो." असतो. पण पास होऊन नोकरी शोधायच्या महिन्यांत कुणाचा? यावर त्यांनी वही काढून प्रश्न लिहून घेतला. हे मला आवडलं. थाप मारली नाही.

मध्येच एक प्रकार झाला. मॅडम म्हणाल्या, लंडन महाग, पण उत्तर इंग्लंड बघा, काय स्वस्त आहे. स्वस्त का, असं मी विचारलं. "शांत गावं आहेत." आमचे वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. भोंगा वाजायचा बंद झाल्यावर गाव कसं शांत होतं ते मला कुणी सांगायला नको. लँकेशायर म्हणजे एके काळची जगाची कापडाची पेठ. गिरण्या गेल्या, पोरं लंडनला गेली, भाडी उतरली. अमेरिकेत डेट्रॉईटची तीच गत, तिथं मोटारी होत्या. १९५०मध्ये १८ लाखांवर वस्ती होती, आता सात लाखांच्या आत, आणि २०१३मध्ये महापालिकेनंच दिवाळं जाहीर केलं. स्वस्त भाड्याच्या गावात पार्टटाइम काम मिळेल का, असं विचारलं तर मॅडम हसल्या. पोरगी तेव्हा पहिल्यांदा माझ्या बाजूनं मान हलवताना दिसली.

तिसऱ्या खेपेला खरी गंमत. जर्मनीला तक्त्यावर सगळ्यात कमी तारे, नोकरीत तीन आणि राहण्यात दोन. पोरीच्या मनात तर जर्मनीच. मी विचारलं, तारे कमी का? भाषा अवघड, मंदी आहे, खोल्या मिळत नाहीत. तिन्ही गोष्टी खऱ्या. २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षं तिथली अर्थव्यवस्था आक्रसली, रशियाचा स्वस्त गॅस बंद झाल्याचा मार बसला. निम्म्याहून जास्त लोक भाड्यानंच राहतात, त्यामुळे मोठ्या शहरात एका खोलीला रांग. पण मग हेच निकष कॅनडाला लावले असते तर?

मी थेटच विचारलं, "मॅडम, तुम्हाला पैसे कोण देतं?"

शांतता. एसीचा आवाज. मग त्यांनी खरं ते सांगितलं, आणि यासाठी एक तारा माझ्याकडून जास्त. ब्रिटन-कॅनडातल्या कॉलेजांकडून प्रवेशामागे कमिशन मिळतं, पहिल्या वर्षाच्या फीमधला हिस्सा. जर्मनीतली सरकारी विद्यापीठं बहुतेक ठिकाणी शिकवण्याची फीच घेत नाहीत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सहामाहीला १,५०० युरो आहे. फीच नाही तर कमिशन कशातून? म्हणून जर्मनीच्या अर्जाचे पैसे हे लोक आपल्याकडून वेगळे घेतात. घ्यावेत, काम करतात. पण मग तारे कुणी चिकटवले ते भिंतीवर लिहायला काय हरकत आहे?

फुकट म्हटलं तरी जर्मनीलाही तिकीट आहेच. वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे बारा लाखांच्या घरात, आधी बांधीव खात्यात ठेवायचे आणि तिथं गेल्यावर महिन्याला ९९२ काढायचे. आरोग्यविमा सक्तीचा. ही पद्धत १८८३पासूनची, पगारातून कापून जाते, मालकही भरतो. आमच्या सवलतीच्या पासासारखं, प्रवास करा न करा, पैसे गेले. मला ती पद्धत पटली.

तक्त्यात म्हातारपणाचा रकाना नव्हता. बावीस वर्षांच्या पोरांना कशाला हवा, असं वाटेल. पण जर्मनीला आपली पोरं हवीत ती त्याचसाठी. म्हातारे वाढले, कामाचे हात कमी झाले, आणि आज कमावणाऱ्याच्या पगारातून आजच्या म्हाताऱ्याची पेन्शन जाते. निवृत्तीचं वय २०३१पर्यंत ६७वर न्यायचं ठरलंय. २०२४च्या फेब्रुवारीत आपल्या राज्य सरकारनं बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तो याच गरजेतून. फ्रान्समध्ये २०२३ला ६२चं ६४ करायला घेतलं तर लाखो लोक रस्त्यावर उतरले. आम्ही २०२१च्या दिवाळीपासून पाच-साडेपाच महिने संपावर होतो, त्यामुळे ते फोटो पाहताना मला त्यांच्या मफलरीसुद्धा ओळखीच्या वाटल्या. मी ५८ला उतरलो. पेन्शनचा आकडा सांगत नाही, घरची वाचते.

चौथ्या खेपेला त्यांनी आधी गेलेल्या एका मुलाशी व्हिडिओवर गाठ घालून दिली. बार्शीकडचा पोरगा, आता जर्मनीत. ही या ऑफिसची सगळ्यात चांगली सेवा, आणि ती जाहिरातीत कुठंच नाही. तो म्हणाला, "काका, खोलीसाठी मेल पाठवून पाठवून कंटाळलो, तीन महिने मित्राच्या खोलीत जमिनीवर झोपलो. रविवारी दुकानं बंद, शनिवारीच भाजी आणा. भाषा येत नसेल तर नोकरीचं विसरा." पोरीनं विचारलं, परत यावंसं वाटतं का? तो म्हणाला, "शेंगा चटणी संपली की वाटतं." मागं त्याच्या खिडकीवर टॉवेल वाळत होता, आपल्याकडचाच, कडेच्या पट्ट्यावरून ओळखला.

पोरीनं आता जर्मनच्या शिकवणीला नाव घातलंय. कणीक मळताना डेर, डी, दास चाललेलं असतं. आमच्या मंडळींना वाटलं कुणाला शिव्या देतेय.

तीन तारे देतोय. मॅडमना चार, तक्त्याला एक, बाकी सरासरी. गेलात तर मूळ गुणपत्रिका ठेवून येऊ नका, झेरॉक्स द्या. आणि अडीच हजारांची पावती मागा. मला पहिल्या दिवशी दिली नव्हती, "सिस्टीम डाउन आहे" म्हणाले. ३१ वर्षांत मी कुणाकडून तिकीट न देता पैसे घेतले नाहीत, म्हणून चारही खेपांना मागत राहिलो. शेवटी मिळाली. नावात एक काना जास्त आहे.