ट्रेन सिम्युलेटरचा ‘कॅब डेस्क’ घेताय? माझे २१,३५० रुपये कसे गेले ते आधी वाचा

एकवीस हजार तीनशे पन्नास. कॉम्प्युटरवर रेल्वे चालवायच्या गेमसाठी इंजिनाच्या केबिनसारखे दांडे असलेला डबा, म्हणजे कॅब डेस्क, त्यापायी गेले. आधी ७,०००. मग ‘माल तयार आहे मामा’ म्हणून आणखी ७,०००. मग वेगळ्या डिस्प्लेसाठी ५,५००, आणि वर ‘डिस्प्लेचं लायसन्स’ १,८५०. माणूस स्वतःला संभाजीनगरचा म्हणवत होता. बोली अस्सल आपली, ‘काहून टेन्शन घेता मामा’ छाप. परभणीत बसलेल्या माणसाने बोलीवर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर?

पद्धत सांगत बसत नाही, सगळ्यांना माहीत आहे. ॲडव्हान्स, उशीर, अजून थोडे पैसे, मग एक खोकं, मग ब्लॉक.

मी ओपन रेल्स नावाचा ट्रेन सिम्युलेटर खेळतो. सॉफ्टवेअर फुकट आहे. मायक्रोसॉफ्टच्या २००१ च्या ट्रेन सिम्युलेटरचे रूट आणि इंजिनं त्यात चालतात, आपल्याकडच्या हौशी पोरांनी बनवलेली डब्ल्यूडीएम-३ए (डिझेल) आणि डब्ल्यूएपी-४ (विजेवरचं) ही इंजिनं सुद्धा. कीबोर्डवर डी दाबला की थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर, वाढतो, ए दाबला की उतरतो. पण पूर्णा, परभणी, जालना या स्टेशनांवर इंजिनाच्या खिडकीकडे बघत मोठा झालेला माणूस किती दिवस बटणं दाबणार? हातात दांडा पाहिजे. रेलड्रायव्हर नावाचा तयार कंट्रोलर मिळतो, पण तो परदेशातून मागवायचा, वर कस्टम. इथलाच माणूस तसलाच डेस्क १४,००० मध्ये देतो म्हटल्यावर कोणीही घेतला असता. जे आता मला हसतात तेच तेव्हा ‘लई भारी, मलाही नंबर द्या’ म्हणत होते.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून डोकं फिरतं. दुसरे ७,००० पाठवायच्या आधी त्याने डेमोचा व्हिडिओ पाठवला. त्यात एक दांडा ओढत तो म्हणतो, “हा एसए-९, यानं अख्खी गाडी थांबते.” अरे, एसए-९ हा फक्त इंजिनाचा ब्रेक! गाडी थांबवतो तो ए-९. तो ओढला की गाडीभर जाणाऱ्या ब्रेक पाइपातला हवेचा पाच किलोचा दाब उतरतो आणि शेवटच्या डब्यापर्यंत ब्रेक लागतात. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. मी ते ऐकलं, मनात हसलोसुद्धा, आणि स्वतःशी म्हणालो, हा वायरिंगवाला माणूस आहे, रेल्वेवाला थोडाच आहे! सुताराला पोथी वाचता येत नाही म्हणून देव्हारा वाईट होत नाही. आणि पैसे पाठवले. ज्याला दोन ब्रेकमधला फरक माहीत नाही त्याने दोन ब्रेकचा डेस्क बनवला तरी कसा, हा प्रश्न तेव्हा डोक्यात आला नाही आणि आता जात नाही.

त्याच व्हिडिओत विंडोजची जॉयस्टिक तपासायची खिडकीही दिसत होती. तिच्यात एक्स आणि वाय, एवढे दोनच ॲक्सिस; हळूहळू सरकणाऱ्या प्रत्येक दांड्याला एक ॲक्सिस लागतो. थ्रॉटल, ए-९ आणि एसए-९ मिळूनच तीन होतात, गाडी पुढे-मागे न्यायचा रिव्हर्सर सोडा. विचारलं तर म्हणे, “ड्रायव्हर टाकल्यावर बाकीचे दिसतील.” असं काही नसतं. विकणाऱ्याला व्हिडिओ कॉलवर विंडोज आणि आर दाबून ‘जॉय डॉट सीपीएल’, म्हणजे तीच तपासायची खिडकी, उघडायला लावा आणि एकेक दांडा हळू सरकवायला सांगा. पट्टी किंवा चौकोनातली फुली हाताबरोबर सरकली तर ठीक, नुसता लाल दिवा लागला तर दांड्याखाली बटण आहे. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ चालणार नाही, समोर कॉलवर.

खोक्यात काय निघालं? प्लायवूडचा डबा. थ्रॉटलवर १ ते ८ नॉच, म्हणजे जोराचे टप्पे, झकास रंगवलेले, आणि खाली पुढे एक बटण, मागे एक बटण. आत चार-पाचशे रुपयांच्या गेमपॅडचा बोर्ड, गरम गोंदाने चिकटवलेला. पॉलिटेक्निकला असलेल्या पुतण्याने डबा उघडला आणि म्हणाला, “काका, यात एकही पोटेन्शिओमीटर नाही.” म्हणजे दांडा किती सरकला ते मोजणारा भागच नाही. त्याच्या म्हणण्यानुसार अर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड घ्यायचा, १० के चे लिनियर पोटेन्शिओमीटर जोडायचे, जॉयस्टिकचा प्रोग्राम टाकला की कॉम्प्युटर त्याला सरळ जॉयस्टिक म्हणून ओळखतो. अर्डुइनोचाच उनो घेऊ नका, तो तसा सरळ चालत नाही. आणि गेमने साधी जॉयस्टिक घेतली नाही तर मध्ये जॉयस्टिकच्या हालचालींची कीबोर्डची बटणं करणारं जॉयटूकीसारखं सॉफ्टवेअर लागतं. हे ‘डेस्कसोबत सगळं येतं’ म्हणणारा कोणी सांगत नाही.

५,५०० च्या ‘ड्युअल डिस्प्ले मॉड्यूल’चं तर काय सांगू. एचडीएमआय स्प्लिटर! दोन्ही स्क्रीनवर तेच चित्र. स्प्लिटर नक्कल करतो, स्क्रीन वाढवत नाही. स्क्रीन वाढवायला ग्राफिक्स कार्डवर दुसरं आऊटपुट लागतं. आणि १,८५० चं लायसन्स म्हणजे एका कागदावर पत्ता, शेवटी २१५०. ओपन रेल्समध्ये गाडीची माहिती ब्राउझरला देणारा वेब सर्व्हर आधीपासून असतो, २१५० हा त्याचा ठरलेला पोर्ट, म्हणजे पत्त्याच्या शेवटी टाकायचा आकडा. घरच्या वायफायवर जुन्या टॅबच्या ब्राउझरमध्ये कॉम्प्युटरचा आयपी आणि तो आकडा टाकला की गाडीची माहिती टॅबवर दिसते. फुकट. फुकटची गोष्ट मला विकली.

नंतर ‘रिफंड’साठी त्याने क्यूआर पाठवला. तो मी स्कॅन केला नाही, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केला. तक्रार घेतली, नंबर दिला, पुढे शुकशुकाट. बँकेत गेलो तर साहेब म्हणाले, पिन तुम्हीच टाकला ना, मग आमचा काय संबंध. ठाण्यात पहिला प्रश्न, “खेळणंच ना हो?” दुसरा, “माल तर आला ना?” माल आला म्हणून फसवणूक नाही, म्हणे ग्राहक मंचात जा. खोक्यात विटा आल्या असत्या तर गुन्हा झाला असता, प्लायवूड आलं म्हणून व्यवहार! पुरावा पेनड्राइव्हवर नेला तर सीडी आणा. सीडी नेली तर जुन्या पुरावा कायद्यातलं ‘६५ ब’चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र आणा. तो कायदा जुलै २०२४ मध्येच बदलला, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे, हे मी त्यांना सांगायचं आणि त्यांनी माझ्याकडे गुन्हेगारासारखं बघायचं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर विचारलं तर विकणाऱ्याचा पत्ता द्या. पत्ता असता तर मीच गेलो नसतो का तिथं? कुरिअरवाला पाठवणाऱ्याचं नाव सांगत नाही, पोलीस कुरिअरवाल्याला विचारत नाहीत. जगात जर्मनी, भारतात परभणी, आणि परभणीत मी, फायलीसकट.

तोच डेस्क आता दुसऱ्या नावाने १६,५०० ला फिरतोय. फोटोत डाव्या दांड्याच्या मुठीला लाल इन्सुलेशन टेप आहे आणि आठ नॉचमधला पाचचा आकडा तिरका रंगवलाय. दिसला तर स्क्रीनशॉट आणि यूपीआय आयडी दोन्ही जपून ठेवा, ठाण्यात मला सोबतीला माणूस पाहिजे.